हरिहरच्या पायऱ्यांना वेळापत्रक हवे

प्रति,
मा. उपवनसंरक्षक,
नाशिक पश्चिम वनविभाग



हे पत्र हरिहरगडाविषयी आहे. नेमके सांगायचे तर त्या गडाच्या कातळातल्या पहिल्या जिन्याविषयी. त्र्यंबकेश्वर तालुक्यातला हा गड नाशिक शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे किती गर्दी लोटते, हे आपल्या वनरक्षकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आजवर या गर्दीवर प्रशासनाने दोनच उपाय हाताळलेले दिसतात. जोराचा पाऊस किंवा एखादी दुर्घटना झाली की मनाई आदेश निघतात, आणि ते उठले की गड पुन्हा पूर्ववत मोकळा होतो. मधूनमधून दिवसाला किती माणसे सोडायची याची चर्चा होते. माझे म्हणणे असे आहे की बंदी आणि दिवसाची संख्या हे दोन्ही उपाय मूळ धोक्याला भिडत नाहीत. धोका गडावर नाही, पायथ्याच्या निरगुडपाड्यातही नाही. तो आहे एका अरुंद, उभ्या जिन्यावर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी समोरासमोर येण्यात. म्हणून नियम करायचा तर त्या जिन्याचा करावा: ठरावीक वेळ फक्त चढण्यासाठी, ठरावीक वेळ फक्त उतरण्यासाठी, आणि प्रत्येक तुकडीत मोजकीच माणसे. ही व्यवस्था गावाच्या हाती द्यावी आणि येत्या पावसाळ्याआधी सुरू करावी, एवढीच विनंती.

जिन्याची घडण लक्षात घेतली तर ही विनंती का, ते उलगडते. त्र्यंबक रांगेतला हा गड खालून पाहिला तर काळ्या कातळाचा त्रिकोणी ठोकळा दिसतो. पहिल्या टप्प्यात सव्वाशेच्या आतबाहेर पायऱ्या आहेत, त्यांचा चढ सत्तर-ऐंशी अंशांचा सांगतात, आणि बाजूच्या कातळात हात रोवायला खोबण्या खोदलेल्या आहेत. वापराने पायऱ्या मधोमध खोलगट झाल्या आहेत. पावसाळ्यात त्या खळग्यांत पाणी साचते आणि कडेला शेवाळ धरते. जिन्याच्या माथ्यावर दरवाजा आहे, पुढे कड्याच्या पोटातून वाकून जावे लागेल अशी कोरीव वाट, आणि त्यानंतर पुन्हा तितकाच अवघड दुसरा जिना. गोंडा घाटातून कोकण आणि नाशिक यांच्यात होणाऱ्या वाहतुकीवर नजर ठेवणारा हा गड होता. १६३६ मध्ये शहाजीराजांच्या हातून तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, आणि १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर आसपासच्या गडांबरोबर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या वर्षी कॅप्टन ब्रिग्जने हा चढ पाहिला आणि त्याच्या भयंकर उभेपणाचे वर्णन करून ठेवले. कळसूबाई रांगेतल्या अलंग आणि मदन या गडांच्या पायऱ्या त्या काळात तोडल्या गेल्या, म्हणून तिथे आजही दोर लावूनच चढावे लागते. हरिहरच्या पायऱ्या मात्र वाचल्या, आणि त्या वाचल्या म्हणूनच कोणतेही साहित्य न बाळगता सामान्य माणूस तिथवर पोहोचू शकतो. याच गडाच्या कड्यावर १९८६ मध्ये डग स्कॉट या ख्यातनाम ब्रिटिश गिर्यारोहकाने चढाई केली आणि तो कडा स्कॉटिश कडा म्हणून ओळखला जाऊ लागला. कड्यावर जायला स्कॉटसारखी तयारी लागते, पायऱ्यांवर जायला फक्त धीर लागतो. हरिहरच्या लोकप्रियतेचे कारण तेच आहे.

हा जिना चढणाऱ्याला रोखण्यासाठी खोदला आहे. एकामागे एकच माणूस यावा, त्याचे दोन्ही हात कातळाला गुंतलेले असावेत आणि वरच्या दरवाजातल्या पहारेकऱ्याला तो समोर, एकटा सापडावा, असा तो हिशेब आहे. संरक्षणाच्या दृष्टीने अत्यंत चोख. आता याच जिन्यावर आपण रविवारच्या सकाळी शेकडो माणसे दोन्ही दिशांनी सोडतो. जिथे शत्रूच्या दोन माणसांनाही शेजारी उभे राहता येऊ नये अशी योजना होती, तिथे खाली उतरणारा थकलेला माणूस आणि वर चढणारा नवखा माणूस एकमेकांना ओलांडतात. ओलांडताना दोघांपैकी एकाला खोबणी सोडावी लागते. पाठीवर फुगलेली पिशवी असेल, हातात मोबाइल असेल, पायांत गुळगुळीत तळव्यांचे बूट असतील, तर ती एक खोबणी सुटणे केवढे महाग पडू शकते हे वेगळे सांगायला नको. शिवाय सरळ जिन्यात वरून निसटलेला माणूस एकटा पडत नाही. खाली जितकी माणसे ओळीने उभी असतील, तितक्यांच्या अंगावर तो येतो.

गर्दी किती, यापेक्षा ती केव्हा येते याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या ट्रेक गटांच्या बसगाड्या साधारणतः शनिवारी रात्री निघतात आणि पहाटे पायथ्याशी लागतात. गावात चहा-पोहे होतात, आणि सगळे गट तास-दोन तासांच्या फरकाने वाटेला लागतात. नाशिककर थोडे उशिरा, पण साधारण त्याच सुमाराला पोहोचतात. निरगुडपाड्याची वाट असो वा हर्षेवाडीची, दोन्ही शेवटी त्याच जिन्याच्या तळाशी येतात. म्हणजे सकाळच्या दोन-अडीच तासांत जवळपास सगळी गर्दी एका जागी गोळा होते. आणि त्यातले पहिले लोक गड बघून उतरायला लागतात, ते मागचे अजून चढत असतानाच. दुपारी तीननंतर मात्र तोच जिना ओस पडलेला असतो. दिवसभराच्या आकड्यात हे काहीच दिसत नाही.

जिना, उतार, पाऊस आणि दोन्ही दिशांची माणसे एकत्र आली की काय होते याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली, त्यांच्यावर मागची पडत गेली, आणि जवळपास तीनशे जणांचा जीव गेला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पावसापासून आडोशाला थांबलेले लोक जिन्यावर अडकले, गाड्यांतून उतरणारे आणखी येत राहिले, आणि २३ जण मृत्युमुखी पडले. खुद्द नाशिकमध्ये २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थाच्या स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. परदेशातही हेच घडले आहे: ऑक्टोबर २०२२ मध्ये सोलच्या इतेवॉन भागात एका उतरत्या, चिंचोळ्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माणसे शिरली आणि १५९ जणांचा बळी गेला. या चारही ठिकाणी शहरात किंवा यात्रेत एकूण माणसे किती होती हा प्रश्न दुय्यम ठरतो. एका अरुंद, उतरत्या जागेत त्या अर्ध्या तासात किती होती, ती कोणत्या दिशांनी चालली होती आणि पुढची सरकत नसताना मागची थांबवायला कोणी होते का, यावर सारे ठरले. हरिहरवर यात आणखी एक गोष्ट मिळते. तिथे कडेला भिंत किंवा कठडा नाही, दरी आहे.

आपल्या शहराने २००३ पासून धडा घेतला, हेही इथे आवर्जून नोंदवतो. २०१५च्या सिंहस्थात भाविकांचे येण्याचे आणि परतण्याचे मार्ग वेगळे केले गेले, वाहने लांब थांबवली गेली, लोकांना बरेच चालावे लागले आणि त्यावर टीकाही झाली. पण पुन्हा तशी चेंगराचेंगरी झाली नाही. दिशा वेगळ्या करणे हे तत्त्व नाशिकच्या प्रशासनाने स्वतः वापरून पाहिलेले आहे. हरिहरवर दुसरी वाट काढता येत नाही, म्हणून तिथे दिशा वेळेने वेगळ्या कराव्या लागतील, एवढाच फरक.

आता थोडा हिशेब मांडतो. हा माझा ढोबळ अंदाज आहे; खरे मोजमाप आपल्या कर्मचाऱ्यांनी घड्याळ लावून करावे. समजा, जिन्यावर दोन माणसांत पाच पायऱ्यांचे अंतर ठेवले, म्हणजे वरचा घसरला तरी खालच्याला सावरायला क्षणभर अवकाश मिळेल. तर पहिल्या जिन्यावर एका वेळी तेवीस-चोवीस माणसांहून जास्त मावत नाहीत. नवख्या माणसाला हा टप्पा चढायला दहा मिनिटे लागतात असे धरले, तर साधारण पंचवीस सेकंदांना एक माणूस पहिल्या पायरीवर पाय ठेवू शकतो. पन्नास जणांची तुकडी या गतीने अर्ध्या तासात वरच्या दरवाजात पोहोचते. उतरताना वेग कमी असतो. पन्नास जणांना उतरायला पस्तीस-चाळीस मिनिटे लागतील. म्हणजे एक चढाई आणि एक उतराई मिळून सुमारे सत्तर मिनिटांची फेरी होते. सकाळी सहा ते दुपारी तीन एवढ्या वेळात अशा सात-साडेसात फेऱ्या बसतात, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास माणसे. पावसात, शेवाळावर, अंतर वाढवावे लागेल आणि संख्या कमी होईल.

या हिशेबातला महत्त्वाचा भाग साडेतीनशे हा आकडा नव्हे. तीच साडेतीनशे माणसे सकाळी आठ ते दहा या वेळात आली, तर त्या दोन तासांत सुरक्षितपणे वर जाऊ शकतात फक्त ऐंशी-नव्वद. उरलेली अडीचशे-पावणेतीनशे जिन्याच्या तळाशी, जिन्यावर किंवा दरवाजात ताटकळत राहतात. मग कोणीतरी अधीर होतो, रांग तोडतो, कडेने पुढे जायला बघतो. दिवसाची मर्यादा तंतोतंत पाळूनही जिना धोकादायक राहू शकतो तो असा. उलट, वेळ वाटून दिली तर तेवढीच माणसे कोणालाही न ओलांडता जाऊन येतात. म्हणून केवळ 'दिवसाला इतके पर्यटक' अशा आदेशाने आपण समाधान मानू नये. आदेशात तास असला पाहिजे, तुकडी असली पाहिजे आणि दिशा असली पाहिजे.

यात अपूर्व असे काही नाही. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोम या शिखराचा शेवटचा टप्पा लोखंडी दोरांना धरून चढावा लागतो. तिथे रांगा लागू लागल्या, तेव्हा २०१० पासून आधी सुट्टीच्या दिवसांना आणि पुढच्या वर्षी सगळ्या दिवसांना परवाने लागू झाले, आणि आता दिवसाला तीनशेच्या वर माणसांना सोडत नाहीत. जपानने फुजी पर्वताच्या सर्वांत गजबजलेल्या योशिदा वाटेवर २०२४ पासून दिवसाला चार हजारांची मर्यादा आणि शुल्क लावले, आणि वाटेवरचे फाटक दुपारनंतर बंद करण्याची पद्धत सुरू केली, जेणेकरून कोणी रात्रीत धावतपळत माथा गाठायला निघू नये. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचे? साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी असते, दिवसाची मर्यादा असते, आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे तिथली व्यवस्था आहे. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून आपल्याच राज्याच्या वनविभागाने हे करून दाखवले. माणसांच्या जिवासाठी ते हरिहरवर करणे नक्कीच शक्य आहे.

एक सूचना वारंवार केली जाते: पायऱ्यांना लोखंडी कठडे लावा, किंवा शेजारून नवा जिना बांधा. सुरक्षिततेच्या कळकळीतूनच ती येते, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. कठडा बसवायचा म्हणजे शेकडो वर्षांच्या कोरीव कातळाला दर दोन-चार फुटांवर छिद्र पाडायचे. बेसॉल्टच्या भेगांत पाणी मुरते, लोखंड गंजून फुगते आणि छिद्राभोवतीचा दगड फोडते. काही पावसाळ्यांत कठडा डुगडुगू लागतो. डुगडुगणारा कठडा हा कठडा नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस खोबणी सोडून त्याच्यावर भार टाकतो. खोबण्यांची रचना चढणाऱ्याने कातळाला अंग लावून चढावे अशी आहे. कठडा त्याला कातळापासून बाहेर, दरीकडे झुकवतो. पावसाळी गडगडाटात उघड्या माथ्याजवळ धातूची लांबलचक साखळी असणे हाही धोका आहेच. पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. कठडा लावला तरी जिन्याची रुंदी तेवढीच राहते, किंबहुना कमी होते. दोन्ही दिशांची गर्दी तशीच राहते आणि 'आता काही भीती नाही' या समजुतीने ती वाढते. नव्या जिन्याचेही तसेच. त्या उभ्या कड्यावर तो बांधायचा तर ज्या दृश्यासाठी लोक येतात तेच विद्रूप करावे लागेल, आणि वरची वाकून जायची वाट व दुसरा जिना यांची कोंडी सुटायची नाही ती नाहीच. अवघड जागी आधाराला, आपल्या देखरेखीखाली आणि जाणकार गिर्यारोहकांच्या सल्ल्याने, हंगामापुरता दोर लावणे मी समजू शकतो. कायमचे लोखंड मात्र नको.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका समजू नये. गडकिल्ले हे महाराष्ट्राचे दैवत. शिवरायांच्या मावळ्यांनी राखलेल्या गडावर जायला मराठी माणसाने नोंदणी का करावी, पैसे का मोजावेत, असे पुष्कळांना मनापासून वाटते. त्यांना माझे सांगणे असे की गड जेव्हा खरोखर नांदता होता, तेव्हा तो सर्वात जास्त नियमांचा होता. दरवाजे कधी उघडायचे, कधी मिटायचे, आत कोणाला सोडायचे याची काटेकोर शिस्त होती, आणि ती गडकऱ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना बांधील होती. गडाबद्दलचा आदर वेळ पाळून दाखवण्यात कमीपणा कसला? शुल्काबाबत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने काही अटी सुचवतो. ते नाममात्र असावे. शाळकरी मुलांना आणि परिसरातल्या ग्रामस्थांना ते नसावे. हनुमान जयंतीला, महाशिवरात्रीला किंवा गावाच्या कोणत्याही देवकार्याला गडावरच्या देवांच्या दर्शनाला जाणाऱ्या गावकऱ्यांना अडवले जाऊ नये. आणि जमा होणारा पैसा कुठे गेला याचा फलक निरगुडपाड्यात सगळ्यांना दिसेल असा लावावा.

तिसरा आक्षेप कदाचित आपल्याच कार्यालयातून येईल: मनुष्यबळ नाही, त्यापेक्षा पावसाळ्यात गड सरळ बंद ठेवणे सोपे. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी बंदी घालायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याच तालुक्यात दुगारवाडीच्या धबधब्यापाशी अचानक पाणी वाढून पर्यटक अडकले आणि बचाव पथकांना रात्रीच्या अंधारात त्यांना बाहेर काढावे लागले. जून २०२४च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. निसर्गाचा इशारा असताना वाट मोकळी ठेवणे हा अपराधच. पण सरसकट बंदीचा परिणाम वेगळा होतो. निरगुडपाड्याकडे पहारा बसला की गट हर्षेवाडीकडे वळतात. दोन्हीकडे बसला की पहारा येण्याआधी, रात्री दोन-तीन वाजता, विजेरीच्या उजेडात ओल्या पायऱ्यांना भिडतात. बंदी उठली की तुंबलेली सगळी गर्दी पहिल्याच रविवारी कोसळते. शिवाय बंदी काही शिकवत नाही. वेळ घेऊन आलेला, जिन्याच्या तळाशी थांबून सूचना ऐकलेला, अंतर राखून चढलेला माणूस पुढच्या गडावरही तसाच वागण्याची शक्यता असते. पोलिसाची नजर चुकवून गेलेला माणूस नजर चुकवायलाच शिकतो.

आणि बंदीची किंमत सर्वांत जास्त मोजतात पायथ्याच्या वाड्या-पाड्यांतली माणसे. हा आदिवासी भाग आहे. भात आणि नागली-वरईची शेती पावसावर, पावसाळा सरला की कामासाठी बाहेर पडण्याची वेळ. हरिहरच्या गर्दीने इथे भाकरी-पिठल्याची घरे चालवली, गाड्या लावायच्या जागांचे भाडे दिले, तरुणांना वाटाड्याचे काम दिले, वाटेवरच्या सपाटीवर लिंबू-सरबताची पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांना चार पैसे दिले. ही कमाई मुख्यतः शनिवार-रविवारची आणि मुख्यतः पावसाळ्याची. त्यावर एका आदेशाने पाणी फिरवायचे आणि मग त्याच गावकऱ्यांनी पर्यटकांना अडवावे अशी अपेक्षा ठेवायची, हे न्यायाचे नाही आणि व्यवहाराचेही नाही. वेळापत्रकाने मात्र गावाचा फायदाच होतो. गर्दी सकाळच्या दोन तासांऐवजी दिवसभर वाटली गेली की दुपारच्या तुकडीची माणसे गावात जेवतात, आदल्या रात्री मुक्कामाला राहतात. सोमवार ते शुक्रवार मोकळ्या वेळा उपलब्ध दिसल्या तर काहीजण त्या दिवसांकडे वळतात.

म्हणूनच या व्यवस्थेची सूत्रे ग्रामसभेच्या आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या हाती असावीत, असा माझा आग्रह आहे. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला तिच्या भोवतालच्या साधनसंपत्तीबाबत जो शब्द दिला आहे, त्याला जागण्याची ही चांगली संधी आहे. काम तसे फार अवघड नाही. जिन्याच्या तळाशी दोघे, वरच्या दरवाजात दोघे, दुसऱ्या जिन्याच्या दोन्ही टोकांना एकेक. प्रत्येकाकडे वॉकीटॉकी आणि शिट्टी. वरून 'जिना रिकामा' असा निरोप आल्याखेरीज खालची तुकडी सोडायची नाही, खालून निरोप आल्याखेरीज वरची सोडायची नाही. एकेरी रुळावर समोरासमोरच्या गाड्या जशा स्थानकात थांबवून सोडतात, तसे हे. सहा-सात तरुणांना याचे वेतन आणि प्रथमोपचार व दोरबचावाचे प्रशिक्षण मिळायला हवे. नाशिकमध्ये वैनतेयसारखी जुनी गिर्यारोहण संस्था आहे, अनुभवी माणसे आहेत. बोलावले तर ती नक्की येतील. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात आयोजकांच्या नोंदणीचा व सुरक्षेच्या निकषांचा विचार आहे. पन्नास-साठ जणांचा गट एका-दोघा म्होरक्यांच्या भरवशावर आणणाऱ्या आयोजकाला इथेच, वेळ देताना, विचारता येईल: तुझी नोंदणी दाखव, दर दहा माणसांमागे एक जाणकार दाखव. नसेल तर वेळ नाही. आयोजकांच्या बेफिकिरीवर याहून परिणामकारक इलाज मला दिसत नाही, कारण नंतरच्या दंडापेक्षा आधीच बुडणारी सहल त्यांना जास्त टोचेल.

काहीजण म्हणतील की डोंगरात जाणे हे ज्याच्या त्याच्या जोखमीवर असते. प्रौढ माणसाला सरकारने बोट धरून का न्यावे? उघड्या कड्यावर दोराने चढणाऱ्याबाबत मी हे मान्य करीन. स्कॉटिश कड्यावर जाणारा आपल्या आणि आपल्या जोडीदाराच्या जिवाची जोखीम घेतो, दोघांच्या संमतीने. हरिहरच्या जिन्यावरची जोखीम तशी वैयक्तिक नाही. सातव्या पायरीवरच्या मुलीने शंभराव्या पायरीवर सेल्फी काढणाऱ्याची जोखीम पत्करलेली नसते. जिथे एकाच्या चुकीची किंमत अनोळखी दहाजण मोजतात, तिथे नियम करणे हे शासनाचे कामच ठरते. अनुभवी ट्रेकरांनाही त्यातून सूट नको. अनुभवी माणूस स्वतः घसरणार नाही कदाचित, पण त्याला वाट देण्यासाठी खोबणी सोडणारा नवखा घसरू शकतो.

हे आत्ताच का, याला कारण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आहे. हरिहर त्या यादीत नसला, तरी नाशिकच्या गडांकडे देशभरातून वळणाऱ्या पावलांचा लोंढा त्याच्याकडे येणार हे उघड आहे. त्यातच ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने सिंहस्थ सुरू होतो आहे आणि २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, अमृतस्नाने आहेत. त्र्यंबकेश्वर हरिहरपासून वीसेक किलोमीटरवर. स्नानाला आलेल्या लाखोंतले काही हजार जरी 'जवळच तो पायऱ्यांचा किल्ला आहे' म्हणून वळले, तरी त्या जिन्याचे काय होईल याची कल्पना करवत नाही. आणि त्या दिवसांत पोलीस, रुग्णवाहिका, बचाव पथके सगळी गोदाकाठी आणि कुशावर्ताला गुंतलेली असतील. सिंहस्थाच्या नियोजनात हरिहरचे नाव आजच यायला हवे. स्नानाच्या आणि त्यांच्या लगतच्या दिवशी गड पूर्ण बंद, इतर दिवशी काटेकोर वेळापत्रक, असे आत्ता जाहीर केले तर लोक त्याप्रमाणे बेत आखतील.

सुरुवात लहान असू द्या. पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी आपल्या कर्मचाऱ्यांनी आणि गावातल्या चार मुलांनी जिन्याच्या दोन्ही टोकांना वही-घड्याळ घेऊन बसावे: कोण किती वेळात चढले, किती वेळा समोरासमोर अडकले, किती वाजता रांग लागली, किती वाजता सरली. त्या नोंदींवरून तुकडीचा आकडा ठरवावा आणि माझा अंदाज चुकीचा निघाला तर तो खुशाल बाजूला ठेवावा. मग जूनपासून फक्त शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी वेळा द्याव्यात. नोंदणी मोबाइलवर व्हावी आणि ज्यांना ती जमत नाही त्यांच्यासाठी काही जागा गावातल्या खिडकीवर राखाव्यात. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करावी. त्या दिवशीच्या किती जागा उरल्या आहेत हे सांगणारा फलक जिन्याच्या तळाशी लावून उपयोग नाही. तिथवर दोन तास चालून आलेला माणूस परत फिरत नाही. तो त्र्यंबकेश्वरच्या फाट्यावर, निरगुडपाड्याच्या आणि हर्षेवाडीच्या रस्त्याला वळण्याआधी लागला पाहिजे, आणि जागा संपल्या की तिथेच एक माणूस उभा असला पाहिजे, जो गाडी थांबवून अंजनेरीची, ब्रह्मगिरीची किंवा पुढच्या रविवारची वाट दाखवील.

आपला,
एक नाशिककर